दोन मीटर चाळीसवरची फरशी

१

दोष मामाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडची मोठी माणसं आता जे सांगत फिरतायत, त्यात दोष जागेचा असतो, ओलीचा असतो, माझ्या तापट डोक्याचा तर असतोच असतो. मामाचा नसतो. मामा आईचा सख्खा भाऊ. त्याच्या ऑफिसच्या दारावर पितळेची पाटी आहे आणि पाटीवर नावापुढे चार पदव्या आहेत. अशा माणसाचा दोष नसतो.

मामाचं काम असं: शहराच्या जुन्या भागात कुणाला नवी इमारत बांधायची असली, तर परवानगीआधी तिथे एक चाचणी-खड्डा घ्यावा लागतो. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, आणि माणसाचा हात न लागलेली माती येईपर्यंत खोल. थरांची चित्रं काढायची, सापडेल ते पिशव्यांत भरायचं, अहवाल द्यायचा. महत्त्वाचं काही सापडलं की बांधकाम अडकतं. मामाच्या खड्ड्यांत वीस वर्षांत अडकण्यासारखं काही सापडलेलं नाही. ‘उल्लेखनीय काही आढळले नाही’ हे वाक्य तो झोपेतही लिहील.

मी हेच शिकत होतो. दुसऱ्या वर्षी अकरा दिवस उन्हात बसून मी एका खड्ड्याचं चित्र काढलं आणि आमच्या विभागप्रमुखांनी ते स्वतःच्या नावाने छापलं. मी भर वर्गात विचारलं. ते म्हणाले, “विद्यार्थ्याचं काम हे विभागाचंच काम असतं.” मी म्हणालो, “मग विभागाला बसवा ना उन्हात.” त्यानंतर मी कॉलेजात गेलो नाही. मला पदवी नको होती. चित्राच्या कोपऱ्यात माझं नाव हवं होतं, बस.

आईने रडून-भांडून मला मामाकडे चिकटवलं. तिथे दोन वर्षं झाली. चित्रं माझी, कोपऱ्यात नाव मामाचं. पत्ता बदलला, माणसं तीच.

मामाच्या खुर्चीमागे एक जुना फोटो आहे. खड्ड्याच्या काठावर दोन पोरं उभी. एक मामा, तेव्हा केस असलेला. दुसरा कोण म्हणून मी एकदा विचारलं होतं.

“होता एक,” मामा म्हणाला. “हुशार होता.”

“नाव काय?”

मामा फोटोकडे पाठ करून कागद चाळायला लागला. मला वाटलं माज आहे. मामाच्या बाबतीत मला नेहमी तेच वाटायचं.

२

ही जागा म्हणजे पाडलेली एक लाँड्री. एका बाजूला दातांच्या दवाखान्याची चार मजली इमारत, दुसरीकडे गाड्या लावायची शेड. आम्ही तिघं. वस्ताद, मामासाठी वीस वर्षं खणतायत. मावशी, म्हणजे माझ्या नव्हे, सगळ्यांच्याच. सकाळी तीन घरांच्या फरश्या-भांडी उरकून येतात आणि खणलेली माती चाळतात. आणि मी, म्हणजे वस्तादांच्या भाषेत ‘भाचेसाहेब’.

दवाखान्याच्या जिन्यातून गाल सुजलेली माणसं वाकून विचारायची, “सोनं लागलं का?”

वस्ताद वर न बघता म्हणायचे, “लागलं की तुमच्याच दातात बसवू.”

वर सिमेंटचा राडा, त्याखाली विटांचे तुकडे, मग जळकी काळी माती हातभर. त्याखाली पिवळी माती लागली. इतकी घट्ट की कुदळ मारली की टण्ण वाजायचं. त्या थरात काहीच नव्हतं. मूळ नाही, उंदराचं बीळ नाही, भेग नाही. मावशींच्या चाळणीवर एक खडासुद्धा उरला नाही.

“मूळ माती लागली,” वस्ताद म्हणाले. “साहेबांना फोन करा, उद्या बुजवून मोकळे होऊ.”

मी म्हणालो अजून एक हात खणू. मामाला चिडवण्याइतकंच कारण होतं.

चौथ्या दिवशी, दोन मीटर चाळीसवर, फरशी लागली.

जमिनीखाली फरशी लागणं हे काही नवल नाही. नवल हे की ती स्वच्छ होती. मातीत पुरलेल्या दगडाला माती चिकटते. वीतभर दगड मोकळा करायला थापी आणि ब्रश घेऊन तास जातो. इथे पिवळ्या मातीच्या मोठ्या खपल्या आपोआप सुटून आल्या आणि खाली काळसर, गुळगुळीत फरशी. सांध्यांत कण नाही. मी ब्रश फिरवला. ब्रशला काही लागलं नाही.

मावशी काठावरून वाकल्या. “अगं बाई. माझ्या तिन्ही घरांपेक्षा चकचकीत आहे.”

मी सांगितलं की बारीक माती वाळताना आकसते, दगडापासून सुटते. पटण्यासारखं कारण होतं. मला पटलं. वस्ताद शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. खाली उतरले नाहीत.

“चपला काढाव्याशा वाटतात,” ते म्हणाले आणि हसले नाहीत.

संध्याकाळी घरी गेलो तर आई फरशी पुसत होती. मी तसाच बुटांनी आत. आईने मला पूर्ण नावाने हाक मारली, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तिचा राग चढला की ती असंच करते. “डोळे फुटलेत का? ओलं दिसत नाही?” मी म्हणालो, “उद्या परत पुसायचंच आहे ना.” तिने फडकं माझ्या पायावर फेकून मारलं. हे मुद्दाम लिहितोय. ती हाक मी ऐकली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढली. फरशी ओली होती.

पाणी साचलेलं नव्हतं. नुसती ओल, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. अर्धगोल फराटे होते, एकाला लागून एक, माशाच्या खवल्यांसारखे. दोन ठिकाणी मधेच वाळलेलं.

मी दवाखान्याच्या पाण्याच्या पाइपपासून सुरुवात केली. मग जमिनीतून वर चढणारी ओल. मग ताडपत्रीखाली धरलेला दमट वाफारा. वहीत तिन्ही कारणं लिहिली, क्रमांक घालून.

मावशी म्हणाल्या, “काय लिहितोस? पुसलंय ते.”

“मावशी, दोन मीटर चाळीस खाली कोण येणार पुसायला?”

“ते तू शोध, शिकलेला आहेस. मी तीस वर्षं फरश्या पुसते, मला फडक्याचे फराटे ओळखता येतात.” त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. “उकिडवं बसून पुसलंय. मागं मागं सरकत. आणि डावखुरी आहे.”

“कोण?”

“पुसणारी.”

मागं मागं सरकत म्हणजे कुठे, हे बघायला मी खाली उतरलो. फराटे मधूनच सुरू होत होते आणि दवाखान्याच्या बाजूला जात होते. त्या बाजूला खड्ड्याची उभी भिंत, चारही थर दिसणारी. शेवटचा फराटा त्या भिंतीपाशी पोचत होता. अर्धा फराटा. उरलेला अर्धा पिवळ्या मातीच्या खाली होता.

मी थापीचं टोक भिंतीच्या तळाशी लावून बघितलं. माती फरशीला टेकलेली होती. नख जाईल एवढीही फट नव्हती.

४

मला कुणी गप्प बसवलेलं चालत नाही. मातीनेही नाही.

दुपारी जेवणाआधी मी काळ्या थराची माती पाण्यात कालवली, बूट त्यात बुडवले आणि फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मुद्दाम, टाचा घासत. चौदा ठसे. मोजले, फोटो काढला. मग वर आलो, शिडी ओढून घेतली, ताडपत्री ताणून चारी बाजूंनी विटा ठेवल्या आणि काठावर डबा उघडून बसलो. वस्ताद शेडमध्ये पडले होते. मावशी गेटपाशी फोनवर मुलीला रागावत होत्या. लख्ख ऊन. दवाखान्यातल्या यंत्राची गुर्रगुर्र.

पाचेक मिनिटांनी ते यंत्र थांबलं, आणि मग मला खालचा आवाज ऐकू आला.

चप्. मग घासल्याचा, लांब, वळसा घेऊन. परत चप्. थोड्या वेळाने पाण्याची धार तुटक तुटक पडल्याचा. फडकं पिळल्यावर बादलीत पडते तशी. मग बादलीची कडी.

मी वर दवाखान्याच्या खिडक्यांकडे बघितलं. सगळ्या बंद. आवाज भिंतीवर आपटून खालून आल्यासारखा वाटू शकतो, हे मला माहीत आहे. मी घास चावत राहिलो. चावताना कमी ऐकू येतं.

आवाज घाईचा नव्हता, रागाचाही नव्हता. कुणीतरी आपल्या घरात काम करत होतं.

ताडपत्री काढली. एक ठसा उरला नव्हता. ओले फराटे मात्र वाढले होते. आता ते खड्डाभर होते. आणि ज्या भिंतीखाली नख जात नव्हतं, तिथे तळाशी दोन बोटांची फट पडली होती. तिच्या पलीकडे माती नव्हती. अंधार होता, आणि अंधारात पुढे तीच फरशी, ओली, चमकणारी.

मी मोबाइलमधला फोटो बघितला. चौदा ठशांचा. फोटोतली फरशी स्वच्छ होती.

५

मामाला मीच बोलावलं. त्याच्या त्या वीस वर्षांच्या वाक्याचा गळा धरायचा होता मला. “मामा, फरशी आहे, अखंड आहे, पिवळ्या थराखाली आहे. आता लिही ‘उल्लेखनीय काही नाही’.”

मामा आला. गाडीतून उतरताना नेहमीसारखा पोट आणि फोन सांभाळत. काठापासून चार पावलं लांब थांबला.

“ओल कुठल्या बाजूला आहे?”

पुरातत्त्वाचा माणूस खोली विचारतो, थर विचारतो. हा प्रश्न कुणी विचारत नाही.

“दवाखान्याच्या,” मी म्हणालो.

मामाने त्या इमारतीकडे बघितलं, पायापासून गच्चीपर्यंत. “तिथे आम्ही खणलं होतं,” तो म्हणाला. “दवाखाना व्हायच्या आधी. तीस वर्षं झाली.” मग वस्तादांकडे वळून, “बुजवा. आजच. संध्याकाळच्या आत.”

“का बुजवायचं?”

“मी सांगतो म्हणून.”

“हे तुझं दर वेळचं आहे मामा. मी चित्र काढलंय, चारही बाजूंचं. ते जाणार अहवालात. आणि या वेळी कोपऱ्यात माझं नाव असणार. नाहीतर मी वर्तमानपत्रात जातो.”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत! दात दुखतायत त्यांचे, कान नाही.”

वस्तादांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मामा चिडेल असं मला वाटलं. तो चिडला नाही. कपाळावरचा घाम पुसला, खिशातून पत्र्याची पट्टी काढली.

ही पट्टी आमच्या कामातली जुनी रीत आहे. खड्डा बुजवण्याआधी तळाशी एक पत्र्याची पट्टी ठेवायची, तीवर तारीख आणि खणणाऱ्याचं नाव. शंभर वर्षांनी कुणी परत खणलं तर त्याला कळावं की इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय. दोन वर्षांत मी अशा एकोणीस पट्ट्या ठेवल्या. एकोणीसच्या एकोणीस मामाच्या नावाच्या.

या पट्टीवर फक्त तारीख होती. नावाची जागा कोरी.

“तुझं नाव लिही,” मामा म्हणाला. “अहवालावरही तुझंच जाईल. खरंच सांगतो. काम तुझं आहे.”

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी डोकं आपटलं, ते हा माणूस घाम पुसत सांगत होता. पट्टी त्याने दोन बोटांत धरली होती, टोकाला, गरम भांडं धरतात तशी.

त्याच वेळी कळायला हवं होतं. पण मी खूश झालो. ऊर भरून आला माझा, खोटं कशाला बोलू.

“पूर्ण लिही,” मामा म्हणाला. “वडिलांचं, आडनाव, सगळं.”

६

मार्करने लिहिलं, पाण्याने न जाणाऱ्या. खाली उतरलो आणि पट्टी बरोबर मध्यभागी ठेवली.

शिडीकडे वळणार तेवढ्यात मागे चप् असा आवाज झाला.

फटीतून हात आला होता. मनगटापर्यंतच. डावा. पाण्यात खूप वेळ राहिलेल्या हातासारखा पांढरा आणि सुरकुतलेला, बोटांची टोकं चुण्या पडलेली. हातात करडं फडकं. दोन बोटांच्या फटीतून हात येत नाही, हे मी मनात म्हणालो. ते मला चांगलं आठवतंय. हात फडक्यावर दाब देत वळसा घेत आला, एक फराटा, दुसरा फराटा, मनगटामागे कोपर, कोपरामागे अजून हात, जेवढा लागेल तेवढा. पट्टीपाशी थांबला.

फुलदाणी उचलून खालचं पुसतात, तशी त्याने पट्टी उचलली. खालचं पुसलं. मग पट्टी पुसली, दोन्ही बाजूंनी, अंगठ्याने दाबून, डाग निघेपर्यंत. आणि होती तशी, बरोबर मध्यभागी, परत ठेवली.

पट्टी कोरी होती. तारीखसुद्धा नव्हती.

वरून मामा ओरडत होता, “वर ये! ठेवलीस ना? वर ये!”

शहाणा माणूस वर गेला असता. मला मात्र राग आला. विभागप्रमुखांनी पुसलं, मामाने दोन वर्षं पुसलं, आणि आता ही. मी मार्कर परत काढला, गुडघे टेकले आणि सरळ फरशीवर लिहिलं. हातभर उंचीची अक्षरं, पूर्ण नाव. प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं. लिहिताना मोठ्याने म्हणतही होतो.

“पूस,” मी म्हणालो. “पूस बघू.”

मग वर आलो. वस्तादांनी पहिलं घमेलं ओतलं, त्या फटीकडे न बघता. माती पडत होती आणि खालून घासल्याचा आवाज येत होता, जोर लावून. पक्का डाग असला की येतो तसा. चिवट होती अक्षरं माझी. खड्डा अर्धा भरेपर्यंत आवाज चालू होता.

मग थांबला.

७

अहवाल आठवड्याने आला. मामाने शब्द पाळला होता. कोपऱ्यात त्याचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं. त्या जागी कागद जरासा फुगलेला, ओलं बोट फिरवल्यासारखा. चित्रात फरशी होती, चारही थर होते. कुणी काढलं ते नव्हतं.

मी ऑफिसात गेलो. मामा मला बघून उठला, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच राहिला.

मी फोटोतल्या दुसऱ्या पोराकडे बोट दाखवलं. “नाव काय याचं?”

“आठवत नाही रे,” मामा म्हणाला. “तीस वर्षं आठवतोय. तेव्हा पट्टी मी ठेवायची होती. मला उतरवेना. तो म्हणाला, दे इकडे, मी माझं नाव टाकतो. वर्षभर तो रोज यायचा माझ्याकडे, नाव विचारायला. मग यायचा थांबला.”

“तुला माहीत होतं.”

“मला वाटलं, पट्टी नुसती ठेवली, कोणाच्यातरी नावाची, की ती शांत... मला वाटलं या वेळी काही होणार नाही.”

“मग स्वतःचं का नाही लिहिलंस?”

मामाने दाराकडे बघितलं. तिथे पितळेची पाटी आहे. रोज घासतात ती.

मी तो फोटो भिंतीवरून काढून घेतला. मामाने अडवलं नाही. तो आता माझ्या खोलीत आहे. दुसऱ्या पोराच्या हातात थापी आहे आणि तो हसतोय.

८

माझ्या शाळेच्या दाखल्यावर फोटो आहे, जन्मतारीख आहे, नावाची ओळ स्वच्छ आहे. मित्रांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर आहे, वर काही नाही. मी स्वतः कागद घेऊन बसतो. हात लिहायला जातो आणि थांबतो, जिना संपल्यावर पाय अजून एक पायरी शोधतो तसा. तरी रोज बसतो. हे सगळं लिहिलंय ते मीच लिहिलंय, आणि याचा कोपरा कोरा ठेवलाय, भरायचा आहे म्हणून. पुढच्या महिन्यात शेडच्या बाजूला नवा खड्डा आहे. मामा नाही म्हणतोय. वस्ताद येणार आहेत. मावशी म्हणाल्या, “मी पण उतरते, बघू कोण चांगलं पुसतं.”

काल आई फरशी पुसत होती. मी बुटांनी आत आलो, मुद्दाम, आरपार चाललो. आईने मान वर केली, डोळे मोठे केले, हाक मारायला श्वास घेतला. तो श्वास तसाच राहिला. मग ती म्हणाली, “अरे... थांब हं, जिभेवर आहे,” आणि हसली, आणि मग हसायची थांबली. तिला वाटतंय तिचं वय झालं. तिने डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी तिला सांगितलं नाही.

मी बावीस वर्षांचा आहे. मला नाव नाही.